'मग ती सांगून का टाकत नाही?' : स्पॅनिश मालिकांमधल्या गैरसमजांचा हिशेब

मालिका बघणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेलाय. नायिका एका तरुणाला मिठी मारून रडते आहे. तो तिचा हरवलेला भाऊ आहे, हे प्रेक्षकांना कालच कळलंय. नायक नेमका त्याच वेळी दारात येतो, बघतो, काही न विचारता मागे फिरतो. आणि मग पुढचे चाळीस भाग रुसवा, संशय, दुसऱ्याच मुलीशी साखरपुडा. सोफ्यावरून कुणीतरी वैतागून म्हणतं, "अगं, मग ती सांगून का टाकत नाही?"

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, हा वैताग सगळीकडे सारखाच. पण या वैतागाचं माहेर बरंच लांब आहे. क्युबाची राजधानी हवाना, मेक्सिको सिटी, पेरूमधलं लिमा, व्हेनेझुएलातलं काराकास, कोलंबियातलं बोगोता. या शहरांनी गैरसमजावर चालणारी मालिका हा एक पक्का धंदा म्हणून उभा केला. तिला तिकडे म्हणतात टेलेनोव्हेला. नोव्हेला म्हणजे कादंबरी; टीव्हीवरची कादंबरी. भाषा स्पॅनिश असली तरी हा प्रकार वाढला तो स्पेनमध्ये नव्हे, लॅटिन अमेरिकेत. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलचीही मोठी परंपरा आहे, पण तिचं वळण वेगळं. इथे विषय स्पॅनिश मालिकांचा आहे.

या मालिकांना हसणं सोपं आहे. रडारड, जुळ्या बहिणी, गेलेली स्मृती, इस्पितळात बदललेली बाळं. पण 'ती सांगून का टाकत नाही' या प्रश्नाचं उत्तर खरोखर शोधायला गेलं, तर ते लेखकाच्या आळशीपणात सापडत नाही. ते त्या समाजात सापडतं.

मुका झालेला आजोबा

सुरुवात टीव्हीच्याही आधीची आहे. क्युबातल्या चिरूट कारखान्यांत एक जुनी पद्धत होती. शेकडो कामगार बाकांवर बसून तंबाखूची पानं वळत असत आणि उंच जागी बसलेला एक वाचक त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र नि कादंबऱ्या वाचून दाखवत असे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची. म्हणजे हात कामात आणि कान गोष्टीत, ही सवय तिथे रेडिओच्या कितीतरी आधी लागली होती. रेडिओ आल्यावर गोष्ट कारखान्यातून स्वयंपाकघरात आली, एवढंच.

१९४८ साली हवानाच्या सीएमक्यू या रेडिओ केंद्रावर फेलिक्स बी. काइग्नेत या लेखकाची 'एल देरेचो दे नासेर' ही मालिका सुरू झाली. नावाचा अर्थ 'जन्माला येण्याचा हक्क'. एकूण ३१४ भाग. गोष्ट अशी : दोन राफाएल देल हुंको या बड्या श्रीमंताची मुलगी मारिया एलेना हिला लग्नाआधी दिवस जातात. (इथला 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, तो आपल्या 'राव'सारखा मानाचा शब्द.) घराण्याची अब्रू राखायला दोन राफाएल बाळाला संपवण्याचा हुकूम देतो. घरातली कृष्णवर्णीय दाई मामा दोलोरेस बाळाला घेऊन पळते, धुणीभांडी करून त्याला वाढवते. पोरगा मोठा होऊन डॉक्टर होतो, नाव आल्बेर्तो लिमोंता. नियती अशी की अपघातात सापडलेल्या एका म्हाताऱ्याला तो स्वतःचं रक्त देऊन वाचवतो. तो म्हातारा म्हणजे त्याला मारायला निघालेला आजोबा.

आणि आता खरी गंमत. दोन राफाएलला सत्य कळतं, पण त्याच धक्क्याने त्याला पक्षाघात होतो. वाचा जाते. सगळ्या घराचं कोडं सोडवणारं एकच वाक्य त्याच्या तोंडात अडकून बसतं. भागामागून भाग जातात, म्हातारा बोलत नाही. 'दोन राफाएल बोलणार कधी?' हा क्युबाभर रोजचा प्रश्न झाला. या लांबलेल्या मुकेपणामागे एक किस्सा सांगितला जातो : म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाने मानधन वाढवून मागितलं, म्हणून लेखकाने त्याची वाचाच काढून घेतली. संवाद नाहीत, तर पैसे कशाचे? किस्सा खरा असो वा रंगवलेला, एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. सत्य जितकं थकतं, तितकं त्यावर व्याज चढतं.

या मालिकेचं पुढे काय काय झालं ते मोजत बसण्यात अर्थ नाही. मेक्सिकोतच तिच्यावर सिनेमे निघाले आणि १९६६, १९८१, २००१ अशा तीन वेळा टीव्ही मालिका झाल्या.

रेडिओवर ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणून गैरसमज कानातूनच घडवावा लागे. दाराआड कुणीतरी अर्धंच वाक्य ऐकतं, टेलिफोन मध्येच तुटतो, पात्रं मनातलं मोठ्याने बोलतात. टीव्ही आल्यावर त्यात डोळ्यांची भर पडली : खिडकीतून दिसलेली मिठी, टेबलावर राहिलेलं पत्र, फाटलेला फोटो. आजही मालिकेतलं पात्र एकटंच उभं राहून स्वतःशी सगळा कट सांगतं, ते रेडिओचं उरलेलं वळण आहे.

साबणवाले आणि शेवटची तारीख

हे सगळं फुकट ऐकायला मिळत होतं ते साबणवाल्यांच्या पैशांवर. अमेरिकेत रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं तेच मुळी प्रायोजक साबण कंपन्यांमुळे. क्युबातही पैसा साबण आणि दंतमंजन विकणाऱ्यांचाच. १९५८ साली मेक्सिकोतली पहिली टेलेनोव्हेला मानली जाणारी 'सेंदा प्रोहिबिदा' पडद्यावर आली, तिचा प्रायोजक होता कोलगेट-पामोलिव्ह. लेखिका फेर्नांदा विल्येली.

पण अमेरिकन सोप आणि टेलेनोव्हेला यांच्यात एक मोठा फरक आहे आणि गैरसमजाच्या दृष्टीने तोच कळीचा. अमेरिकन सोप पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपल्याकडेही हैदराबादच्या ईटीव्ही समूहाच्या मराठी वाहिनीवर 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. 'चार दिवस' हे नाव तेवढं राहिलं. टेलेनोव्हेला मात्र संपते. बहुतेकींचा मुक्काम सहा महिने ते वर्षभर, रोज एक भाग, आणि शेवटी 'ग्रान फिनाल'. त्या दिवशी बदमाशाला शिक्षा, जोडप्याचं लग्न, हरवलेल्या पोराला आई. तारीख आधी जाहीर होते, जाहिरातींचे दर त्या आठवड्यात चढतात.

म्हणजे प्रेक्षकाच्या हातात मुदत ठेवीची पावती असते. आज नायिकेवर आळ आला, तो सोसायचा. मुदत संपली की व्याजासकट परत मिळणार, ही खात्री. जिथे शेवटच नसतो तिथे गैरसमज नुसता साचतो. एक मिटला की दुसरा. आपल्या डेलीसोपवरचा लोकांचा जो राग आहे तो बराचसा इथला आहे, गैरसमजावरचा नाही.

धंद्याची आणखी एक बाजू. मेक्सिकोच्या स्टुडिओत नटांच्या कानात लहानसं यंत्र बसवलेलं असतं. आतल्या खोलीतून एक माणूस संवाद वाचतो, नट ऐकतो आणि बोलतो. पाठांतराचा वेळ वाचतो, दिवसाला भागभर काम उरकतं. त्यामुळे दृश्यं दोन-तीन माणसांची, एकाच दिवाणखान्यातली आणि चेहऱ्यावर कॅमेरा रोखलेली. एवढ्या भांडवलात लढाई दाखवता येत नाही, पूर येत नाही. संशय मात्र दाखवता येतो. त्याला खर्च नाही.

ती बोलते, ऐकून कोण घेतो?

आता मूळ प्रश्न. १९७९ साली मेक्सिकोत 'लोस रिकोस ताम्बिएन योरान' आली. म्हणजे 'श्रीमंतही रडतात'. बेरोनिका कास्त्रो ही त्यातली नायिका मारियाना. अनाथ, अडाणी. एका धनाढ्य घरात आसरा मिळतो, घरच्या उनाड मुलाशी, लुइस आल्बेर्तोशी, प्रेम आणि लग्न. मग नवऱ्याच्या डोक्यात संशय भरतो की पोटातलं मूल आपलं नाही. तो सोडून जातो. बाळंतीण मारियाना दुःखाने भ्रमिष्टासारखी होते आणि लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या एका गरीब बाईच्या हाती आपलं बाळ देऊन टाकते. शुद्धीवर आल्यावर बाळ नाही, बाई नाही. पुढे नवरा परत येतो, संसार लागतो, पण ती पोराला शोधतच राहते. तो सापडतो तेव्हा तरुण झालेला असतो. ती त्याला लपून भेटते, पैसे देते, जवळ घेते. नवऱ्याला वाटतं, बायकोचं या पोरावर मन बसलं. शेवटी तो स्वतःच्याच मुलावर पिस्तूल रोखतो, तेव्हा कुठे सत्य बाहेर येतं.

इथे कुणीही म्हणेल, पहिल्याच दिवशी सांगायचं ना! पण मारियानाची जागा बघा. पहिल्यांदा तिने सांगितलंच होतं की मूल त्याचं आहे. तिच्या शब्दाला त्या घरात किंमत नव्हती. दुसऱ्यांदा ती गप्प राहते, कारण पहिल्या वेळचा अनुभव गाठीशी आहे आणि 'मूल देऊन टाकणारी आई' हा नवा डाग त्यात जमा होणार आहे.

जवळपास सगळ्या गाजलेल्या टेलेनोव्हेलांची मांडणी अशी आहे. खरं बोलणारी व्यक्ती गरीब असते आणि खोटं बोलणारी चांगल्या कपड्यांत असते. मोलकरीण, अनाथ, आंधळी, कोळ्याची पोर. समोर सासू, आत्या, नायकाची वाग्दत्त वधू. शब्दाला शब्द भिडला की विश्वास कुणाच्या शब्दावर बसणार, हे आडनावावरून ठरतं. म्हणून गैरसमज बोलून मिटत नाही. तो मिटवायला साक्षीदार लागतो, कागद लागतो, रक्ताची तपासणी लागते, निदान मरता मरता कबुली देणारी दाई तरी लागते.

मूळ क्युबाच्या देलिया फिआल्यो या लेखिकेने हे यंत्र सगळ्यात सफाईने चालवलं. क्रांतीनंतर क्युबा सोडून गेलेल्या या बाईंनी व्हेनेझुएलाच्या टीव्हीसाठी मालिकांमागून मालिका लिहिल्या; २०२१ मध्ये त्या वारल्या. त्यांची 'एस्मेराल्दा' पहिल्यांदा १९७० मध्ये आली, १९९७ ची मेक्सिकन आवृत्ती जगभर फिरली. वादळी रात्री जमीनदाराच्या घरी मुलगी जन्मते, मेलेली समजून तिच्या जागी एका गरिबाचा मुलगा ठेवला जातो. मुलगी जिवंत निघते, पण दृष्टिहीन. सुईणीला बक्षीस म्हणून पाचूचे डूल मिळालेले, म्हणून तिचं नाव एस्मेराल्दा, पाचू. मोठी झाल्यावर ती प्रेमात पडते ती नेमकी आपल्या जागी वाढलेल्या मुलाच्या. म्हणजे जमीनदाराचं खरं मूल झोपडीत आणि झोपडीतलं मूल वाड्यात, आणि वाड्यातला नायक तिच्यावर 'हे मूल माझं नाही' असा आळ घेणार. बाई आंधळी आहे, पण न दिसणं नायकाच्या वाट्याला आलंय, हे प्रेक्षकाला शंभर भाग दिसत राहतं.

कोलंबियात काम केलेले अभ्यासक हेसूस मार्तिन-बार्बेरो यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात यावर मोठं नेमकं बोट ठेवलं. लॅटिन अमेरिकन मेलोड्रामाचा गाभा प्रेम नसून ओळख पटणं आहे, असं त्यांचं म्हणणं. बापाने मुलाला आपलं म्हणणं, आईने लेकराला हाक मारणं, समाजाने एखाद्याला माणूस म्हणून मोजणं. ज्या देशांत लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांची संख्या मोठी, जिथे कायद्याच्या पुस्तकांतच दीर्घकाळ औरस आणि अनौरस असे दोन रकाने होते, जिथे खेड्यातून शहरात आलेली लाखो माणसं नावागावाशिवाय राबत होती, तिथे 'हा कुणाचा मुलगा?' हा प्रश्न मनोरंजनाचा नव्हताच. तो रेशनकार्डाइतका खरा होता. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको; कागदावर नाव कुठे आणि कसं लागतं यावर आयुष्य किती फिरतं, ते इथे घरोघरी ठाऊक आहे.

खलनायिकांचं पण बघायला हवं. कारण सत्य नेहमी कुणाला तरी माहीत असतंच, आणि ते बहुतेक वेळा तिला. १९९५ ची 'मारिया ला देल बारिओ' ही 'श्रीमंतही रडतात'चीच नवी आवृत्ती, थालिया नायिका. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सोराया मोंतेनेग्रो, नटी इताती कांतोराल. खिडकीतून पडून मेलेली सोराया काही काळाने ठणठणीत परत येते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचं चुंबन बघून तिने घातलेल्या थयथयाटाची चित्रफीत आज मोबाइलवर हसण्यासाठी फिरते. मूळ मालिका जन्माला आली तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती अशी पोरं ती पाठवतात.

शिवणयंत्र, आणि तिथून 'हम लोग'

१९६९ साली पेरूत 'सिम्प्लेमेंते मारिया' सुरू झाली. मूळ गोष्ट अर्जेंटिनातली, पण पेटली ती लिमामध्ये. मारिया खेड्यातून राजधानीत मोलकरीण म्हणून येते, एका श्रीमंत तरुणाच्या नादाने गरोदर राहते, तो हात वर करतो. पुढे ती एस्तेबान मास्तरांकडे लिहावाचायला शिकते, सिंगरच्या यंत्रावर शिवण शिकते आणि कपड्यांची नामवंत रचनाकार होते. त्या काळात पेरूच्या डोंगरातून लिमात उतरलेल्या हजारो मुली नेमकं हेच काम करत होत्या. मारिया आणि मास्तरांच्या लग्नाचं चित्रीकरण लिमातल्या खऱ्या चर्चमध्ये झालं, तेव्हा बाहेर सुमारे १० हजार लोक जमले होते. अनेकांच्या हातात आहेर होता. शिवणयंत्रांचा खप वाढला, मुली शिवणवर्गात नाव घालू लागल्या.

मेक्सिकोचे निर्माते मिगेल साबिदो यांनी याचा बारीक अभ्यास केला. मालिका बघून माणसं शिवण शिकत असतील, तर अक्षरं का शिकणार नाहीत? १९७५ मध्ये त्यांनी प्रौढ साक्षरतेवर 'बेन कोनमिगो' केली. पुस्तिका कुठे मिळतील ते मालिकेत सांगितल्यावर मेक्सिको सिटीत त्या ठिकाणी हजारो लोक लोटले आणि वाहतूक ठप्प झाली. मग १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर 'आकोम्पान्यामे'.

इथून धागा थेट आपल्याकडे येतो. माहिती व नभोवाणी खातं सांभाळलेले वर्ध्याचे खासदार वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीतून ही कल्पना भारतात आली आणि ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, एकूण १५६ भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यांचं बोलणं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा डोस जड झाला. लोक कंटाळले, तो पातळ करून घरातल्या भांडणांना नि प्रेमप्रकरणांना वाव द्यावा लागला. तिकडे कोलगेट, इकडे मॅगी नूडल्स. प्रायोजकाच्या पैशावर चालणारी भारतीय टीव्ही मालिका इथून रुजली. आज मराठी वाहिनीवर रात्री आठला जे दिसतं, त्याची एक पणजी मेक्सिकन आहे.

बेट्टीचा ताळेबंद

पण गैरसमजाचं सगळं जुनं सामान घेऊन कुणी काही वेगळं उभं केलं असेल, तर ते कोलंबियाच्या फेर्नांदो गाइतान यांनी. 'यो सोय बेट्टी, ला फेआ' : 'मी बेट्टी, कुरूप ती'. १९९९ ते २००१. आपल्याकडे २००३ मध्ये सोनीवर आलेली 'जस्सी जैसी कोई नहीं' तिच्यावरूनच, अमेरिकेतली 'अग्ली बेटी'सुद्धा. २०१० मध्ये गिनेस बुकाने सर्वांत यशस्वी टेलेनोव्हेला म्हणून तिची नोंद केली.

बेआत्रिस पिन्सोन ही अर्थशास्त्राची हुशार पदवीधर. जाड चष्मा, दातांना तारा, वडील कडक शिस्तीचे हिशेबनीस. रूपामुळे नोकरी मिळेना, म्हणून 'इकोमोदा' या कपड्यांच्या कंपनीत साध्या सेक्रेटरीची जागा धरते. अध्यक्ष आर्मांदो मेंदोसाने संचालक मंडळाला भलतीच मोठी नफ्याची स्वप्नं दाखवलेली. व्यवहार फसतात, तोटा वाढतो. मग बेट्टीच्या नावावर 'तेर्रामोदा' ही वेगळी कंपनी उघडली जाते. ती इकोमोदाला कर्ज देते आणि पुढे त्याच कर्जापोटी इकोमोदावर जप्तीचा दावा लावते. हेतू हा की बँकांनी हात घालण्याआधी मालमत्ता आपल्याच माणसाकडे अडकून राहावी. दरम्यान संचालकांपुढे मांडायचा ताळेबंद रंगवलेला. कॉमर्सवाल्यांना यातला धोका चटकन कळेल. कागदोपत्री अख्खी कंपनी आता सेक्रेटरीच्या हातात आहे.

आर्मांदोला घाम फुटतो. त्याचा मित्र मारिओ काल्देरोन तोडगा काढतो : हिला प्रेमात पाड, म्हणजे कंपनी हातची जाणार नाही. आर्मांदो ठरल्याप्रमाणे प्रेमाचं नाटक करतो आणि नाटक करता करता खरोखर गुंततो. ठीक त्याच सुमारास गावाला जाताना मारिओने त्याच्यासाठी ठेवलेलं पत्र बेट्टीच्या हाती लागतं. पुढच्या भेटवस्तू कधी द्यायच्या, काय बोलायचं, याच्या सूचना आणि तिच्या रूपाची यथेच्छ टवाळी.

हा गैरसमज आहे का? पत्र खरं आहे. कट खरा आहे. फक्त त्या पत्रानंतर आर्मांदोच्या मनात जे बदललं, ते कागदावर कुठेच नाही. जुन्या मालिकांत नायिकेवर खोटा आळ येई; इथे नायिका खऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढते, आणि तो निष्कर्ष काही महिन्यांनी जुना झालेला आहे. एवढा प्रौढ गैरसमज टीव्हीवर क्वचितच दिसतो. प्रेक्षक कुणाच्याच बाजूने निर्धास्त उभा राहू शकत नाही.

बेट्टी किंचाळत नाही, थोबाडीत मारत नाही. ती संचालक मंडळाच्या बैठकीत खरा ताळेबंद मांडते. पानामागून पान. पन्नास वर्षं स्पॅनिश मालिकांतल्या गरीब मुली 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणत रडल्या. या मुलीने आकडे पुढे केले, आणि आकड्यांना आडनाव नसतं. पुढे ती नटते, सुंदर दिसते, लग्नही होतं. शेवटचं ते रूपांतर नसतं तर मालिका आणखी चांगली झाली असती, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं चूक नाही.

बाहेरच्यांनी काय पाहिलं

स्पॅनिश न कळणाऱ्यांनी हे सगळं डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. 'श्रीमंतही रडतात' १९९१-९२ मध्ये रशियात लागली. सोव्हिएत संघ कोसळत होता, दुकानं रिकामी, पेन्शनीची किंमत उरलेली नाही, आणि अशा वेळी घरोघरी मारियानाच्या बाळाची चिंता. १९९२ मध्ये बेरोनिका कास्त्रो मॉस्कोला गेली तर गर्दी आवरेना. फिलिपिन्समध्ये १९९६ ला 'मारिमार'ने असाच कहर केला. सर्बियातल्या कुचेवो गावातल्या काही लोकांनी १९९७ मध्ये व्हेनेझुएलाच्या 'कासांद्रा' मालिकेतली नायिका निर्दोष आहे, तिच्यावरचा खटला मागे घ्या, असं निवेदन सरकारला धाडल्याची बातमी जगभर छापून आली. वाचणारे हसले. पण खोटे खटले आणि गप्प बसवलेली माणसं त्या भागाने नुकतीच ढिगाने पाहिली होती.

दुसरी बाजूही आहे आणि ती गोड नाही. मेक्सिकोच्या तेलेविसा कंपनीचे मालक एमिलियो आस्काररागा १९९३ मध्ये जाहीरपणे बोलून गेले की देशातला गरीब वर्ग गरिबीतून वर येणार नाही, आणि टीव्हीचं काम त्याची करमणूक करणं हे आहे. ज्यांच्या मालिकेत प्रत्येक मोलकरीण शेवटी मालकीण होते, त्या कंपनीच्या मालकाचा हिशेब असा होता. पडद्यावरची गरीब मुलगीसुद्धा बहुतेक वेळा गोरीपान. सावळे, मूळनिवासी चेहरे स्वयंपाकघरात. आणि संशय घेणारा नायक? बायकोला हाकलतो, मुलाला नाकारतो, वेळप्रसंगी हात उचलतो, आणि सत्य कळलं की एका 'माफ कर'मध्ये त्याचं खातं कोरं. व्याज फक्त तिने भरायचं. गैरसमज कितीही रंगला, तरी ही नोंद बहुतेक मालिकांनी एकाच बाजूला केली आहे.

अलीकडे वाट बदलते आहे. अमली पदार्थांच्या टोळ्यांवरच्या मालिका आल्या, त्यातली २०११ ची 'ला रेइना देल सुर' सर्वांत गाजलेली. तिथे नायिका रडत बसत नाही, माल हलवते. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'ला कासा दे लास फ्लोरेस' आली. टेलेनोव्हेलाच्या सगळ्या खोडींची ती प्रेमळ टिंगल आहे आणि घरातली गुपितं दाबणारी आई साकारलीय खुद्द बेरोनिका कास्त्रोने.

आणि बेट्टीसुद्धा परतली. २०२४ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर तिची पुढची कहाणी आली, नट तेच, केस पिकलेले. शेवटच्या भागातल्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली आहेत, आर्मांदोशी बिनसलंय, वयात आलेल्या मुलीशी, मिलाशी, धड बोलणं होत नाही. आणि सुरुवातीलाच पुन्हा इकोमोदाच्या खुर्चीचा प्रश्न उभा राहतो.